दुसऱ्या आवृत्तीचा प्रश्न : नेवासे, ताहाराबाद आणि नगरचा किल्ला

गेल्या आषाढात प्रकाशकांचा फोन आला. २००४ साली निघालेल्या माझ्या एकुलत्या एक कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचे त्यांच्या मनात होते. पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती संपायला वीस वर्षे लागली, यात मला काही नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यांच्या शेवटच्या वाक्याचे. ते म्हणाले, "काही फेरफार करायचे असतील तर आताच करा. पुन्हा कोण छापतंय!"

मी संशोधक म्हणवतो ते हौसेने. पदवी नाही, मार्गदर्शक नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची पुस्तके लिहिली आणि उरलेल्या वेळात जिल्ह्यातल्या पोथ्यांच्या मागे हिंडलो. त्यामुळे प्रश्न पडला की उत्तर शोधायला मी माणसांकडे जाण्याआधी पोथ्यांकडे जातो. पुरे झालेले लिखाण पुन्हा उघडावे का, उघडायचे तर कधी आणि किती, हा प्रश्न नगर जिल्ह्याला नवा नाही. मराठीतली त्याची काही थोर उदाहरणे आपल्याच तालुक्यांत आहेत. या लेखात त्यांतल्या तिघांकडे पाहतो आहे. माझ्या कथेची गोष्ट मध्ये मध्ये येईल. ती टाळून हा लेख प्रामाणिक झाला नसता.

सुरुवात नेवाशापासून. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पैसाचा खांब पाहायला जाणाऱ्यांना एवढे ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट पैठणच्या एकनाथांची आहे. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या २९४ वर्षांत नकला करणाऱ्यांनी शब्द बदलले होते, ओव्या घातल्या होत्या. कोणी अवघड वाटले म्हणून, कोणी भक्तीच्या भरात.

या प्रसंगाकडे आपण श्रद्धेने पाहतो, पण लेखकाच्या नजरेने क्वचितच पाहतो. एकनाथ हे काम करायला बसले तेव्हा ते नवखे नव्हते. त्यांचे भागवत १५७३ मध्ये काशीला पूर्ण झाले होते. ओवीवर त्यांचा हात कसा बसलेला होता, हे निराळे सांगायला नको. एखादी ओवी ढिली वाटली तर ती घट्ट करणे त्यांना एका बैठकीचे काम होते. त्यांनी ते केले नाही. 'मूळ काय होते' हा त्यांचा प्रश्न होता. 'चांगले काय होईल' हा नव्हता. काम झाल्यावर त्यांनी पुढच्यांनाही दम भरून ठेवला. यात आपली ओवी घालणारा म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणारा, अशा अर्थाची ताकीद त्यांनी दिली आहे.

ती ताकीद सगळ्यांनी पाळली असे नाही, आणि एकनाथांनी स्वतः ती किती पाळली यावरही वाद झाला. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. ती एकनाथांच्या आधीची आहे, असे त्यांचे मत होते. त्या प्रतीतली जुनी रूपे पाहिली की एकनाथी पाठात भाषा थोडी आपल्या काळाकडे सरकली असावी, असा संशय येतो. प्रतीच्या वयावरून पंडितांत बरीच जुंपली आणि त्यात पडण्याइतका माझा अधिकार नाही. एवढे मात्र वाटते, की मूळच शोधायचे असे ठरवून बसलेल्या माणसाच्या कानालाही स्वतःच्या काळाची सवय असते. जे शब्द आपल्याला 'अशुद्ध' वाटतात, त्यांतले काही फक्त जुने झालेले असतात.

पण एकनाथ दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावत होते. माझा प्रश्न स्वतःच्या लिखाणाचा. त्यासाठी ताहाराबादला जावे लागते.

राहुरी तालुक्यातले ताहाराबाद हे महिपतींचे गाव. जन्म १७१५, मृत्यू १७९०. घरात गावचे कुलकर्णीपण होते. देवपूजेत असताना जहागीरदाराचा माणूस बोलवायला आला, पूजा आटोपून ते गेले, सरकारी काम उरकले, आणि परत आल्यावर दौलतीच्या कामासाठी पुन्हा लेखणी धरायची नाही असे त्यांनी ठरवले, असे सांगतात. ही आख्यायिका खरी-खोटी कशीही असो, हिशेबाची लेखणी सोडून त्यांनी जी धरली ती मरेपर्यंत ठेवली नाही. 'भक्तविजय' १७६२ मध्ये पुरा झाला. पानिपत होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. त्या ग्रंथात ५७ अध्याय आहेत. पुढे 'भक्तलीलामृत' १७७४ मध्ये. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन एक वर्ष झाले होते. अध्याय ५१. मधल्या काळात 'कथासारामृत' झाले, आणि अखेरचा 'संतविजय' अपुरा राहिला.

आता मुद्दा. 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' हे शेजारी ठेवले तर लगेच दिसते की मोठी माणसे दोन्हीकडे तीच आहेत. एकनाथ पहिल्यात आहेत, दुसऱ्यातही. तुकाराम पहिल्यात आहेत, दुसऱ्यातही. 'भक्तविजया'त एकनाथांना दोनेक अध्याय, तुकारामांना पाचेक. 'भक्तलीलामृता'त एकनाथांची कथा तेराव्या अध्यायापासून चोविसाव्यापर्यंत चालते आणि तुकारामांची पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत. म्हणजे बारा आणि सोळा अध्याय. बारा वर्षांनी एक लेखक आपल्याच दोन नायकांकडे परत आला आणि त्यांना कितीतरी पट जागा दिली.

हे पुनर्लेखनच आहे. पण आपण ज्याला आवृत्ती म्हणतो ती ही नव्हे. 'भक्तविजया'त कुठे नव्या माहितीचे ठिगळ लावलेले मला तरी आढळले नाही. तो जसा झाला तसा राहिला आणि शेजारी दुसरा ग्रंथ उभा राहिला.

असे का केले असेल? एक उत्तर सोपे आहे आणि मी आधी त्यावरच थांबलो होतो. तेव्हा छापखाना नव्हता. पोथीच्या नकला गावोगाव गेलेल्या. कोणाच्या देव्हाऱ्यात, कोणा कीर्तनकाराच्या झोळीत. त्या परत मागवून दुरुस्त कशा करणार? चातुर्मासात एका गावात जुनी पोथी लागली असेल आणि शेजारच्या गावात सुधारलेली, तर श्रोते कोणाला खोटे म्हणतील? तेव्हा महिपतींनी जे केले ते नाइलाजाने, असे म्हणता येते. थोर माणसांच्या प्रत्येक नाइलाजाला तत्त्व मानण्याची खोड आपल्या समीक्षेला आहे. ती टाळलेली बरी.

तरीही ते उत्तर मला पुरत नाही. कारण महिपती आपल्या साधनांबद्दल फार जागरूक लेखक होते. 'भक्तविजया'त ते उघड सांगतात की उत्तरेच्या नाभाजींचा आणि माणदेशच्या उद्धवचिद्घनांचा ग्रंथ समोर ठेवून आपण हे रचले आहे, पदरचे काही सांगितलेले नाही. म्हणजे तो ग्रंथ विशिष्ट साधनांवर उभा होता. त्याच्या मुळाशी ती दोन माणसे होती. पुढे आणखी ऐकले, आणखी वाचले, देहू-पैठणच्या बाजूची माहिती हाती आली, तर ती त्या जुन्या इमारतीत कोंबायची कशी? पाया दोघांचा आणि मजला तिसऱ्याचा, असे व्हायचे.

माझा एक अंदाज आहे, आणि तो अंदाजच समजावा. महिपती कुलकर्णी होते. आत्ता-आत्तापर्यंत तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडत नसत. त्याला कंस करत, फेरफाराचा क्रमांक टाकत आणि नवे नाव खाली लिहीत. कंसातले नाव वाचता यायला हवे असे, कारण उद्या भांडण झाले तर तेच कामाला येई. खाडाखोड दिसली की दप्तरावरचा विश्वास जाई. अठराव्या शतकातले दप्तर आजच्यासारखे नव्हते, हे मान्य. पण खाडाखोडीचा धाक तेव्हाही असणार. सरकारची लेखणी सोडली तरी हाताला लागलेली शिस्त सुटत नाही. मी टाइम ऑफिसात तीस वर्षे काढली, मला ते माहीत आहे.

आता दुसरी बाजू. 'भक्तलीलामृत' मोठा आहे म्हणून चांगला आहे का? सरसकट नाही. 'भक्तविजया'ला जो वेग आहे तो दुसऱ्या ग्रंथाला नाही. एक कथा संपते तोच दुसरी उभी राहते. जयदेव, कबीर, नरसी मेहता, नामदेव, गोरोबा, दामाजी, सगळा हिंदुस्थान एका पंगतीला बसल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला दम घ्यायला सवड नाही. 'भक्तलीलामृता'त सवड आहे आणि काही ठिकाणी ती जास्त झाली आहे. पण त्या सवडीतून एक गोष्ट झाली. तुकारामांची कथा विश्वंभर या पूर्वजापासून सुरू होते आणि घर आत येते. दुकान, दुष्काळ, मुले, डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आवली, तिच्या पायात मोडलेला काटा. चमत्कार तर आहेतच. पण थोड्या जागेत आवलीला नुसती कजाग म्हणून सोडून देता येते. सोळा अध्यायांत तिच्या बोलण्याला कारण द्यावे लागते, कारण चूल रोज दिसत राहते.

असली भर दुरुस्तीने घालता येत नाही, असे मला वाटते. 'भक्तविजया'तल्या पाच अध्यायांत आवलीची चूल घातली असती तर ते पाच अध्याय मोडले असते. तिच्यासाठी दुसरे घरच बांधावे लागले.

अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबटनी या दोन्ही ग्रंथांवर काम केले. नगर हे त्या मिशनचे मोठे ठाणे होते, १८३१ पासून. 'भक्तलीलामृता'तल्या एकनाथांचे भाषांतर १९२७ मध्ये आले, तुकारामांचे १९३० मध्ये. १९३२ मध्ये अ‍ॅबट वारले आणि 'भक्तविजया'चे भाषांतर पुढच्या दोन वर्षांत प्रसिद्ध झाले, नरहर गोडबोले यांच्यासह. दोन्ही तुकाराम एकत्र करून एक 'संपूर्ण' चरित्र काढण्याचा मोह त्यांना पडला असता तर समजण्यासारखे होते. आपल्याकडे कितीतरी बाळबोध संतचरित्रांत तेच केलेले दिसते. अ‍ॅबटनी दोघांना आपापल्या जागी ठेवले. म्हणून आज आपण सत्तेचाळिशीतल्या महिपतींना आणि एकोणसाठीतल्या महिपतींना वेगवेगळे ऐकू शकतो.

जाता जाता म्हाइंभटांचे नाव घ्यायला हवे. गोदाकाठच्या सराळ्याचा हा पंडित. लीळाचरित्रासाठी ज्याने-त्याने पाहिले-ऐकले ते विचारत हिंडला. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली, आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली आणि पाठ वेगवेगळे झाले. पण एका लीळेबद्दल दोघे दोन तऱ्हा सांगत असतील तर दुसरी तऱ्हा 'शोधु' म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदवायची पद्धत त्यात दिसते. तेराव्या शतकातली ही सोय आपण कथा-कादंबरीत कधी वापरली नाही. कदाचित वापरता येतही नाही. कथेला एकच तऱ्हा निवडावी लागते.

तिसरा मुक्काम नगरचा भुईकोट किल्ला. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडलेले काँग्रेसचे पुढारी तिथे आणले गेले. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हाताने लिहून काढले. सुटका झाल्यावर त्याची टंकलिखित प्रत झाली आणि पुस्तक १९४६ मध्ये आले. लोकांना इथपर्यंत माहीत असते. मला रस आहे तो डिसेंबर १९४५ च्या प्रस्तावनेत. त्यात नेहरू सांगतात की लिहून झाल्याला वर्ष उलटले, एवढ्यात इतके घडले की मजकूर काहीसा शिळा झाला, भर घालण्याचा आणि सुधारण्याचा मोह झाला, पण तो आवरला. बाहेरच्या आयुष्याचा पोतच निराळा, सवड नाही, टंकलेली प्रत वाचून काढायलाही वेळ मिळेना, अखेर मुलीने ते काम अंगावर घेतले. शेवटी एक ताजा कलम जोडला, बाकी सारे तुरुंगातले जसेच्या तसे.

सवड नाही हे कारण आपल्यासारखेच, साधे आहे. पण त्याच प्रस्तावनेत ते आणखी एक सांगून जातात. आपलेच जुने लिखाण वाचताना ते ओळखीचे वाटते, तरी जवळच्या पण वेगळ्या कोणा माणसाने लिहिल्यासारखे वाटते, अशा आशयाचे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आपलेच जुने पुस्तक सुधारायला बसलेला लेखक खरे तर दुसऱ्या माणसाच्या पुस्तकाला हात लावत असतो. म्हणजे त्याची जागा एकनाथांची असते, पण एकनाथांचा संकोच त्याला नसतो, कारण मुखपृष्ठावर त्याचे नाव असते. इंग्रज कवी वर्डस्वर्थ आपले दीर्घ आत्मकाव्य १८०५ मध्ये पुरे करूनही पुढे आयुष्यभर घासत राहिला. ते १८५० मध्ये तो गेल्यावर छापले गेले. १९२६ मध्ये १८०५ चा पाठ बाहेर आला आणि पुष्कळ रसिकांनी त्या जुन्यालाच पसंती दिली. पिकल्या वयाच्या कवीने तरुण कवीची धार बोथट केली, असे त्यांचे म्हणणे. नेहरूंनी तो धोका पत्करला नाही. सवड असती तर काय केले असते, सांगता येत नाही.

आता माझी कथा.

संग्रहातली तिसरी कथा १९७२ च्या दुष्काळाची आहे. एक माणूस बायको-मुलांना खडी फोडायच्या कामावर सोडून मुंबईला पळून जातो आणि दोन वर्षांनी ट्रान्झिस्टर घेऊन परत येतो. बायको त्याला पाणी देते, बोलत नाही. कथा तिथे संपते. तो माणूस म्हणजे माझे धाकटे मामा. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती. मी तेव्हा चार वर्षांचा. मोठेपणी ऐकले तसे लिहिले. चार लोकांनी शाबासकी दिली, ती मुख्यतः त्या न बोलणाऱ्या बायकोसाठी.

मामा गेल्या वर्षी वारले. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत बसलो होतो. मामी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची नात कॉलेजात आहे. तिने वाचनालयातून माझे पुस्तक आणले होते आणि आजीला विचारले होते, आजोबा पळून गेले होते का?

मामी म्हणाल्या, "आरं, ते पळालं न्हवतं. मीच धाडलं. डोरलं मोडून भाडं दिलं व्हतं."

मग पळाले असे गावभर कसे झाले, हे मी विचारले.

"मीच सांगितलं की. न्हाईतर सावकार रोज दारात. नवरा पैसं धाडतो कळलं असतं तर ठेवला असता का एक पैसा? टाकून गेला म्हणलं की लोकं कीव करत्यात, उधारी मागत न्हाईत." थोडे थांबून म्हणाल्या, "तू लिव्हलं ते माझंच बोलणं हाय. आता ते गेलं. आता खरं लिव्ह."

कावळा शिवला आणि आम्ही उठलो.

ज्या बायकोच्या मुक्या रागाबद्दल मला शाबासकी मिळाली ती मुकी नव्हती आणि तिला रागही नव्हता. गावाला जी कथा मी सांगितली ती आधी तिने रचली होती. मी नकलाकार. हे कळल्यावर आलेला प्रकाशकांचा फोन म्हणजे दैवाने दिलेली संधीच, असे आधी वाटले. दोन रात्री बसून कथा बदलून पाहिली. शेवटच्या पानावर बायकोच्या गळ्यातले रिकामे काळे मणी घातले. वाचकाला कळेल न कळेल एवढेच. वाचून पाहिले आणि फाडून टाकले. कथेचे प्रत्येक वाक्य तो पळाला या समजावर उभे होते. त्याच्या मुंबईतल्या रात्री, त्याची शरम, पाण्याचा तांब्या. एक मणी घातल्याने ती सगळी वाक्ये खोटी पडत होती, आणि मामी तर त्यात अजून आलेल्याच नव्हत्या. आल्या होत्या त्या फक्त शेवटच्या दागिन्यापुरत्या. 'भक्तविजया'त आवलीची चूल घालायला निघालो होतो मी.

पण तशीच छापली तर नातीला काय सांगायचे? हा प्रश्न साहित्याचा नाही असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. कथा काल्पनिक आहे अशी ओळ पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते आणि गावात तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शेवटी प्रकाशकांकडे मुद्रणदोषांची यादी पाठवली. तेवीस चुका निघाल्या. एक दोष माझा होता. १९७४ मध्ये परतणारा माणूस 'शिवाजी टर्मिनस'वरून गाडी पकडतो असे लिहिले होते. ते नाव १९९६ चे. तिथे 'बोरीबंदर' केले. कथेत बाकी काही बदलले नाही. तिच्याखाली '२००४' असे साल टाकायला सांगितले, पहिल्या आवृत्तीत ते नव्हते. प्रकाशकांना वाटले, हा उगाच हट्ट आहे.

दुसरी कथा मामींच्या बाजूने लिहायला घेतली आहे. ती या आवृत्तीत जाणार नाही. महिपतींना बारा वर्षे लागली, मी आज छप्पन्न वर्षांचा आहे, एवढी मुदत मला परवडणारी नाही. मामी तर अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. म्हणून महिन्यातून दोन रविवार त्यांच्याकडे जाऊन बसतो. त्या सांगतात, मी वहीत टिपतो, आणि नात चहा करता करता ऐकते. गेल्या खेपेला विचारले, डोरले कोणाकडे मोडले, किती आले. किती ते त्यांनी लगेच सांगितले, आण्यापर्यंत. कोणाकडे, हे विचारल्यावर नातीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ते नको लिहू."

वहीत ती ओळ कोरी आहे.